नवापूरचे पेटीदुरुस्तीचे दुकान: नाना गेल्यानंतर

नंदुरबार, साक्री, विसरवाडी, खांडबारा आणि सीमेपलीकडचे सोनगड-व्यारा या पट्ट्यात ज्यांच्याकडे बाजाची पेटी आहे, त्यांतल्या बहुतेकांना नवापूरचा हा पेटीदुरुस्तीचा ओटा ठाऊक आहे. गेल्या पावसाळ्यात, वयाची ऐंशी ओलांडलेले, तिथे पेट्या दुरुस्त करणारे नाना वारले आणि तेव्हापासून भजनी मंडळांत, शाळांत, ख्रिस्ती मंडळ्यांत एकच प्रश्न ऐकू येतो, की आता पेटी तिथे द्यावी की सरळ सुरतेला न्यावी. मी नानांच्या हयातीपासूनचा गिऱ्हाईक आहे. ते गेल्यानंतर घरची जुनी पेटी आणि आमच्या शाळेची पेटी अशा दोन्ही तिथूनच दुरुस्त करून आणल्या, आणि म्हणून या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर द्यावे असे वाटले. उत्तर बव्हंशी होकारार्थी आहे. जिथे नाही, तिथे का नाही हेही पुढे लिहिले आहे.

नव्या माणसाला दुकान सापडत नाही, कारण तो बाजारपेठेत शोधतो. तिथे नानांचे एक खोलीचे दुकान पूर्वी होते हे खरे. पुढे त्यांच्या पत्नीला अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांनी तो गाळा सोडला आणि घराच्या ओट्यावर काम मांडले. पलंग दारातून दिसेल अशा बेताने त्यांनी आपले कामाचे टेबल लावले होते. बाजारातला गाळा सोडणे म्हणजे वाटेवरचे गिऱ्हाईक सोडणे, असे अनेकांनी त्यांना बजावले आणि धंदा काही काळ निम्म्यावर आलाही. पत्नीला रोज दोन वेळा उठवून बसवणे, तिचे हातपाय चोळणे आणि दुपारचे जेवण तिच्यासोबतच घेणे यांत कितीही घाईच्या कामाने त्यांनी खंड पडू दिला नाही. साक्रीहून आलेल्या कीर्तनकारालाही त्या वेळी बाहेरच्या बाकावर थांबावे लागे. पत्नी गेल्यावरही टेबल तिथेच राहिले. आज दुकान आहे ते त्याच ओट्यावर, पाटी नसलेले, रेल्वे स्टेशनावरून पायी जाता येईल इतक्या अंतरावर. ज्या स्टेशनाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे, तेच हे नवापूर. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीने पेटी मांडीवर घेऊन आलेली माणसे इथल्या रिक्षावाल्यांना सवयीची आहेत, आणि ‘पेटीवाले नाना’ एवढे सांगितले की अजूनही पुरते.

नानांचे घराणे मावची या आदिवासी समाजातले. मिशनच्या वसतिगृहात राहून ते शिकले, तिथल्या उपासनेत पहिल्यांदा पायपेटी ऐकली आणि तरुणपणी सुरतेला एका पेटी करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करून हा हुन्नर घेऊन आले. ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) भजन-कीर्तनाचा बाज मराठी ख्रिस्ती उपासनेत रुजवला, त्याचा एक परिणाम असा की पेटी, टाळ आणि तबला यांच्याशिवाय आपल्याकडच्या मंडळ्यांत रविवार पुरा होत नाही. नवापूर तालुक्यात पाड्यापाड्यांवर ख्रिस्ती मंडळ्या आहेत. त्यामुळे नानांच्या धंद्याचा पाया या मंडळ्यांच्या पेट्यांवर उभा राहिला, आणि त्यावर सप्ताहांची, गणेशोत्सवाची, शाळांची कामे चढत गेली. ते स्वतः मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक, होते, अनेक वर्षे खजिनदारही होते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर ते जमाखर्च उभे राहून मोठ्याने वाचत, त्यात मेणबत्त्यांच्या पुड्याचे पैसेही सुटत नसत, आणि काही तरुणांना हा प्रकार कंटाळवाणा वाटे. त्याच माणसाच्या हातची दुकानातली वही पाहिली की हा स्वभाव धंद्यात कसा उतरला होता ते कळते.

त्या वहीबद्दल लिहिले पाहिजे, कारण माझ्या मते या दुकानाची खरी पुंजी तीच आहे. नानांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक पेटीला एक क्रमांक असे. तो पेटीच्या आतल्या बाजूला, झाकण उघडल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, पेन्सिलीने लिहिलेला असतो. वहीत त्या क्रमांकासमोर मालकाचे गाव, पेटी कुठल्या कामाची, कोणत्या स्वरात गायले जाते, कोणती पत्ती (हवेने कंप पावून सूर देणारी धातूची चीप) बदलली, भात्याचे चामडे कधी घातले, एवढे सगळे नोंदलेले. बारीक, रेघेवर बसलेले अक्षर आहे. आमच्या शाळेची पेटी या वेळी नेली तेव्हा नानांच्या मुलीने क्रमांक पाहून जुनी वही काढली आणि पेटी उघडण्याआधीच सांगितले, की वरच्या सप्तकातल्या कोमल निषादाची पत्ती मागेच बदललेली आहे, ती इतर पत्त्यांपेक्षा नवी असल्याने तिचा आवाज किंचित कडक लागणार. तसेच होते. शहरातल्या मोठ्या दुकानांत पेटी दिली तर दर वेळी तिची कथा पहिल्यापासून सांगावी लागते, आणि ऐकणारा माणूस दर वेळी वेगळा असतो.

आता मुख्य काम, म्हणजे सूर मिळवणे. साडेतीन सप्तकांच्या दुहेरी सुरांच्या पेटीत ४२ पट्ट्या आणि ८४ पत्त्या असतात, आणि त्यांतली एकेक काढून, वाजवून, खरवडून पुन्हा बसवायची असते. सूर चढवायचा असेल तर पत्तीच्या मोकळ्या टोकाकडून आणि उतरवायचा असेल तर मुळाकडून अगदी नकळत धातू कमी करायचा. एकाच पट्टीवरच्या, एकाच सुराच्या दोन पत्त्यांत तफावत राहिली की आवाज डोलू लागतो. एक सेकंदाला ४४० कंपने देते आणि दुसरी ४४२, तर दर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. आईच्या उशाशी बसून हे हेलकावे मोजण्यातच थोरल्या मुलीचे शिक्षण झाले. तिला सगळे ताई म्हणतात, मीही तेच म्हणेन. ताई आज पहिला षड्ज यंत्रावर पाहून घेतात आणि पुढचे सगळे कानाने मिळवतात. नाना यंत्र वापरत नसत, त्यांच्याकडे एक जुना स्वरकाटा होता. या फरकाने काही जुन्या गिऱ्हाइकांनी नाक मुरडल्याचे मी ऐकले आहे, पण त्यात अर्थ नाही. षड्ज कुठून घेतला यापेक्षा मधल्या पत्त्या एकमेकींशी कशा बोलतात याला महत्त्व आहे, आणि त्या बाबतीत घरच्या पेटीचे काम नानांच्या हातच्या कामापेक्षा तसूभरही कमी नाही. किंबहुना खर्जाच्या पत्त्या या वेळी अधिक लवकर बोलू लागल्या आहेत. हलका दाब दिला तरी आवाज येतो, पूर्वी तिथे क्षणभर अडखळायला होत असे.

पेटी कशासाठी हवी, हा प्रश्न नाना आधी विचारत आणि ताईही विचारतात. ही नुसती चौकशी नव्हे. कीबोर्ड आणि गिटार यांच्या जोडीने वाजणारी मंडळीतली पेटी असेल तर ती सप्तकाच्या बारा समान भागांच्या हिशेबाने, ४४० कंपनांच्या प्रमाणालाच मिळवावी लागते, नाहीतर दोन्ही वाद्ये भांडतात. एकाच माणसाच्या साथीला, एकाच स्वरात वाजणारी भजनाची पेटी असेल तर गोष्ट वेगळी. समान विभागणीतला गंधार हा तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याने, चढा असतो आणि कान तयार असलेल्या गायकाला तो टोचतो. अशा गिऱ्हाइकाचा षड्ज कायमचा काळी चार किंवा काळी पाच आहे असे वहीत दिसले, तर त्या हिशेबाने गंधार उतरवून देण्याची इथे पद्धत आहे. मात्र ती पेटी मग दुसऱ्या स्वरात गाताना बेसूर लागेल, हे आधी स्पष्ट सांगितले जाते. वारकरी भजन उंच स्वरात चालते, मंडळीत बायका-पुरुष एकत्र गातात म्हणून स्वर खाली लागतो. एकाच ओट्यावर या दोन्ही परंपरांच्या पेट्या शेजारीशेजारी उघड्या पडलेल्या असतात, आणि नानांना दोन्हीकडची गाणी चालीसह पाठ होती. दुरुस्त झालेली पेटी तपासताना ते गिऱ्हाईक जे गाते तेच वाजवून पाहत. सप्ताहाच्या पेटीवर अभंगाची चाल वाजवणाऱ्या मंडळीच्या वडिलांना गावात कोणी कधी नावे ठेवल्याचे ऐकिवात नाही.

गिऱ्हाइकाला नाही म्हणण्याची त्यांची रीतही टिकली आहे. दर वर्षी पेटी ‘सुरात करून’ घेण्याचा आग्रह धरणाऱ्यांना ते परत पाठवत, कारण दर खेपेला पत्तीवरचा धातू थोडा कमी होतो आणि पाचसहा वेळच्या अनावश्यक खरवडण्याने चांगली पत्ती निकामी होते. एखादी पट्टी अचानक मुकी झाली तर बहुतेक वेळा पत्तीत कण अडकलेला असतो, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यातल्या धुळीत व भजनातल्या बुक्क्यात ते नित्याचेच आहे. अशी पेटी नेली तर पातळ कागद पत्तीखालून सरकवून ते काम उभ्या उभ्या होते आणि त्याचे पैसे तेव्हाही घेत नसत, आताही घेत नाहीत. पावसाळ्यात फुगून अडकलेल्या पट्ट्यांबद्दल नानांचे ठरलेले वाक्य होते: ‘भाऊ, घाई नको करू, दसऱ्यालोंग थांब.’ हवा कोरडी झाली की लाकूड आपोआप बसते, आणि पावसाळ्यात तासून दिलेली पट्टी उन्हाळ्यात खडखडते. माझ्या समोर ताईंनी एका शिक्षकाला हेच सांगून पेटीसह घरी पाठवले. हातचे काम असे सोडणारे दुकान दुसरीकडे माझ्या पाहण्यात नाही.

भात्याचे आणि लाकडाचे काम आता नानांचा नातू पाहतो. त्याच्या कामाची परीक्षा कोणालाही करता येईल अशी आहे. पत्त्यांकडे हवा सोडणारे सगळे खटके बंद ठेवून आतला भाता पूर्ण भरावा, हात काढून घ्यावा आणि तो किती वेळ तग धरतो ते पाहावे. हवा गळत असेल तर भाता लगेच बसतो. आमच्या शाळेची पेटी उंदरांनी कोपऱ्याचे चामडे कुरतडल्याने जवळजवळ श्वास सोडून बसली होती, ती आता उत्तम हवा धरते. सांधे सरसाने जोडलेले आहेत, बाजारी झटपट गोंदाने नव्हे. पुढच्या वेळी भाता उघडायचा झाला तर पुठ्ठा न फाटता सुटावा म्हणून सरस, हे नातवानेच समजावून सांगितले. पण पॉलिशचे काम मात्र कच्चे आहे. शाळेच्या पेटीच्या मागच्या फळीवर ब्रशाचे फराटे दिसतात, आणि उचलायची कडी सैल बसवल्याने घरी आल्यावर मला ती पुन्हा आवळून घ्यावी लागली. नाना पेटी परत देताना ती कडीला धरून स्वतः उचलून पाहत. नातवाने तेवढे एक आजोबांकडून घ्यायला हवे होते.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये नवापूरच्या रंगावली नदीला पूर आला तेव्हाचे काम या भागातल्या अनेकांच्या लक्षात आहे. घराघरांतून आणि देवळांतून चिखल भरलेल्या पेट्या ओट्यावर आल्या. भिजलेली पेटी उन्हात ठेवणे हा सर्वांना सुचणारा उपाय, आणि तोच तिचा घात करतो, कारण फळ्या वाकतात आणि पत्त्यांचा पाट तडकतो. नानांनी त्या पेट्या पूर्ण सोडवल्या, पत्त्या काढून चिखल धुतला, पाट सावलीत वजनाखाली दाबून आठवडेच्या आठवडे वाळवले आणि हिरवट गंज मऊ ब्रशाने घासून काढला. मजुरी त्यांनी कोणाकडूनच घेतली नाही, नव्या पत्त्यांचे तेवढे पैसे घेतले. या पत्त्या गुजरातेतल्या पालिताण्याहून येतात आणि त्या त्यांना रोखीने घ्याव्या लागत. त्याआधी २००६ च्या फेब्रुवारीत देशातली बर्ड फ्लूची पहिली लागण नवापुरात सापडली आणि लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, तेव्हा पोल्ट्रीवर पोट असलेल्या गिऱ्हाइकांची उधारी त्यांनी वहीत नुसती आडवी रेघ मारून मिटवली. त्या रेघा मी स्वतः पाहिल्या आहेत. कोणाची उधारी होती हे दिसू नये म्हणून त्या पानांवर त्यांनी नावे खोडलेली आहेत, क्रमांक मात्र तसेच आहेत, आणि त्या क्रमांकांच्या पेट्या पुढेही दुरुस्तीला येत राहिल्याच्या नोंदी पुढच्या पानांवर आहेत.

दर बदलले आहेत, आणि त्यावर कुरकुर चालू आहे. दुहेरी सुरांच्या पेटीच्या पूर्ण कामाला मला २,२०० रुपये पडले, एकेरीला १,५०० सांगतात, भात्याचे वेगळे. नाना पाड्यावरच्या मंडळीकडून आणि गरीब भजनी मंडळाकडून फक्त सामानाची किंमत घेत, बाकीचे ‘होईल तेव्हा’. ताई उधारी देत नाहीत. पेटी नेताना पैसे चुकते करावे लागतात आणि ही गोष्ट त्या पेटी घेतानाच सांगतात. मला यात काही वावगे दिसत नाही. नानांना मंडळीतल्या नात्यागोत्याचा आणि स्वतःच्या शेताच्या तुकड्यातल्या तुरीचा आधार होता. ताईंना आपला आणि मुलाचा प्रपंच याच ओट्यावर चालवायचा आहे, आणि वडिलांच्या औदार्याचा हप्ता मुलीने भरावा ही अपेक्षा आपल्याकडे फार सहज केली जाते. ज्या घरात मयत झाली आहे त्या घरी रात्रीच्या भजनासाठी दुकानातली पेटी फुकट पाठवण्याची नानांची पद्धत मात्र त्यांनी चालू ठेवली आहे, आणि घर कोणत्या धर्माचे हे तेव्हाही विचारले जात नसे, आजही विचारले जात नाही.

बंद झाले आहे ते गावोगाव जाणे. नाताळाच्या आधी तरुणांना घेऊन नाना पाड्यापाड्यांवर गीते गायला पायी जात, तेव्हा खांद्यावरच्या झोळीत पान्हे, सरस आणि सुट्या पत्त्या असत. गाणे झाले की तिथल्या पेटीची जुजबी दुरुस्ती अंगणातच होई. चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यातल्या प्रार्थनेच्या पेटीसाठीही ते स्वतः जात. आता पेटी नवापुरात आणावीच लागते, आणि आतल्या पाड्यांवरच्या मंडळ्यांना हे खरोखर जड जाते. त्यामुळे त्यांतल्या काहींनी पेटी अडगळीत टाकून कीबोर्ड घेतला आहे. नातू कीबोर्डही मागवून देतो. ओट्याच्या एका कोपऱ्यात त्यांची खोकी रचलेली दिसतात, आणि त्यांवर नफा अधिक असल्याचे तो मोकळेपणाने सांगतो. अजून तरी पेटी दुरुस्तीला आणलेल्या माणसाला त्याने कीबोर्ड गळ्यात मारल्याचे मी पाहिलेले नाही.

वेळेच्या बाबतीत हे दुकान आधीही ढिले होते आणि आताही आहे. सांगितलेला दिवस उलटून जातो, फोन केला तर ताई कामात असतात आणि नातू ‘उद्या’ म्हणतो. याबद्दल एक तारा कमी करायला हवा असे मला वाटते. पूर्वी नानांचे ‘थांब’ ऐकून माणूस थांबत असे, कारण ते वयाने आणि मानाने मोठे होते. तीच सवलत पुढच्या पिढीला आपोआप मिळणार नाही, आणि लग्नसराईत किंवा सप्ताहाच्या तोंडावर अडकलेले गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. निदान काम पुढे ढकलले तर स्वतःहून कळवण्याची पद्धत त्यांनी पाडायला हवी. यावर उतारा म्हणून एक चांगली गोष्टही सांगतो. नाना गेल्यावर ताईंनी वह्या उलगडून, ज्यांच्या पेट्या घरात पडून होत्या त्या सगळ्यांना एकेक करून निरोप पाठवले आणि अर्धवट राहिलेली कामे आधी पुरी केली. त्यांतल्या काही पेट्यांचे मालकही हयात नव्हते, त्या पेट्या मुलांच्या हवाली झाल्या.

जाणाऱ्यांसाठी एवढे सांगतो. रविवारी दुकान पूर्ण बंद असते, उत्तम शुक्रवारी आणि नाताळाच्या आठवड्यातही. ऐन डिसेंबरात, आषाढीच्या आधी आणि गणपतीच्या आधी पेटी नेऊ नये. दसरा झाल्यावर दिवाळीपर्यंतचा आणि होळीनंतरचा काळ उत्तम, कारण तेव्हा हवा कोरडी असते आणि काम कमी. नेताना पेटी आडवी टाकू नये, भाता दोरीने बांधून घ्यावा, आणि पेटी पूर्वी नानांकडे आलेली असेल तर झाकण उघडून आतला क्रमांक आधीच पाहून ठेवावा, म्हणजे वही शोधण्यात ताईंचा अर्धा तास जात नाही. पहिल्यांदाच नेत असाल तर कोणत्या स्वरात गाता ते नक्की करून जा, कारण हा प्रश्न विचारल्याशिवाय तुमची पेटी तिथे कोणी उघडणार नाही.